चावडीतली शेगडी

त्या वर्षी आमच्या पेठेत चोरीपेक्षा धूर हा मोठा गुन्हा होता. चोर सापडला तर चार शिव्या आणि दोन तडाखे खाऊन सुटायचा. कुणाच्या छपरातून अवेळी धूर निघाला तर मात्र आधी जमादार धावत यायचे, त्यांच्यामागून पाटील यायचे, आणि त्या घरच्या बाईला आठ दिवस गावचा विस्तव मिळत नसे. हे सांगितलं की माझ्या सुना हसतात. त्यांच्या कोनाड्यात आगकाड्यांची पेटी असते, त्यांना विस्तव मागायला जाणं म्हणजे काय ते ठाऊक नाही.

पेठ अमरावतीच्या परकोटाबाहेर होती. परकोटाच्या आत जागा पुरेना तेव्हा लोक बाहेर सरकले. आधी दोनचार घरं, मग एक गल्ली, आणि कापसाचे दिवस आले तशी एकदम पेठ. दूर कुठल्याशा देशात लढाई लागली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, एवढंच आम्हाला माहीत. लढाई कुणाची, कशापायी, हे पेठेत कुणाला धड सांगता येत नसे. ती इतक्यात मिटू नये असं मात्र बहुतेकांना वाटे. अकोटाकडून, दर्यापुराकडून, बाळापुराकडून गाड्या यायच्या. पेठेलगतच्या मैदानात कापसाच्या गंजी लागायच्या, आणि मैदान भरलं की त्या घरांच्या भिंतींपर्यंत सरकायच्या. आमची घरं कुडाची, वर गवताचं छप्पर. दगडी आणि धाब्याची इमारत पेठेत एकच, ती म्हणजे चावडी.

पेठेत शब्द चाले तो चौघांचा. पाटील, कारण जमीन त्यांच्या गावची आणि चावडी त्यांच्या आजोबांनी बांधलेली. ही दुसरी गोष्ट ते दिवसातून एकदा तरी सांगत. सेठजी, कारण मैदानातल्या निम्म्या गंजी त्यांच्या. जमादार, पूर्वी पलटणीत होते, आता पेठेचा पहारा त्यांच्याकडे. कमी बोलत आणि पुष्कळ बघत. चौथे माझे सासरे. आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू, पेठ पंत म्हणे. त्यांचा सगळा जन्म कचेरीत कागद लिहिण्यात गेलेला. पेठेत शास्त्र विचारायचं ते त्यांना आणि अर्ज लिहून घ्यायचा तोही त्यांच्याकडून. त्यांना गरजेपेक्षा एक शब्दही जास्त बोललेलं मी ऐकलं नाही.

आमचे हे तेव्हा अकोल्याला, आगगाडीचा रस्ता चालला होता त्या कामावर कारकून होते. पौषात त्यांचं पत्र आलं. मामंजींनी ओसरीवर बसून ते मोठ्याने वाचलं. अकोल्याच्या वेशीबाहेर कुणा गाडीवानाच्या शेकोटीची ठिणगी वाऱ्यावर गेली आणि गंजी पेटल्या. बैल सोडायलासुद्धा वेळ मिळाला नाही. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, कापूस जळताना आवाज होत नाही, आपल्याला कळतं तेव्हा शेजारची गंजी पेटलेली असते. मामंजींनी ते वाक्य दोनदा वाचलं, पत्राची घडी घातली आणि अंगरखा चढवून चावडीकडे गेले.

दोन दिवस हे चौघे पंच म्हणून बसले. तिसऱ्या दिवशी मामंजी कलमांचा कागद घेऊन घरी आले. उगवल्यावर दोन घटका आणि मावळण्याआधी दोन घटका, एवढ्याच वेळात चूल पेटवावी. बाकी वेळ घरात विस्तव राखू नये, राखेत निखारा पुरून ठेवू नये. शेकोटी बंद. चिलीम बंद. लोहाराची भट्टी परकोटाच्या पलीकडे. देवापुढे ऊद जाळू नये. दिवा भिंतीतल्या कोनाड्यातच. आणि सगळ्या पेठेचा विस्तव एका ठिकाणी, चावडीच्या फरशीवर, पहाऱ्यात. तिथून ज्याने त्याने वेळेला न्यावा.

मामंजींची एक सवय होती. काही महत्त्वाचं लिहिलं की ते घरात एकदा वाचून दाखवत, ऐकणारं कुणी का असेना. सासूबाई वारलेल्या, हे अकोल्याला, तेव्हा ऐकायला मी आणि माझी नणंद. ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, सातवा नुकताच लागला होता. भिंतीला टेकून ती तांदूळ निवडत होती.

वाचून झाल्यावर मामंजी म्हणाले, "सूनबाई, काही सुटलं का?"

सुटलं होतं. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी सुटली होती. चिलमीपासून उदापर्यंत सगळा विस्तव चौघा शहाण्यांना आठवला, आणि ज्या विस्तवावर ते चौघेही जन्मल्याबरोबर शेकले गेले तो मात्र आठवला नाही. आठवला असेल तरी कुणी बोललं नसेल. बायकांच्या अशा गोष्टी पुरुषांनी चावडीत काढायच्या नसतात, आणि सुनेने सासऱ्यासमोर तर नाहीच. मी दारात उभी होते. शब्द ओठांवर आला होता. मी मनाशी म्हटलं, नणंदेला अजून दोन महिने आहेत, तोवर कापूस हलेल. पदर सावरला आणि म्हणाले, "नाही."

पंचांची चूक मी पुष्कळांना सांगितली आहे. ही माझी चूक आज प्रथमच लिहिते.

नियम पाळले गेले, कारण भीती खरी होती. उजाडताना चावडीपुढे बायकांची रांग लागे. प्रत्येकीच्या हातात खापर. चावडीच्या फरशीवर विटांचं कोंडाळं करून आगटी पेटवलेली असे, जमादार चिमट्याने दोनदोन निखारे देत. पहिला विस्तव पाटलांच्या घरी, तो त्यांचा मान. मग बाकीच्या. थंडीत कुडकुडत उभं राहायचं आणि दुपारी गार भाकरी खायची, तरी ती रांग बायकांना आवडू लागली होती. एरवी इतक्या जणी एकत्र कधी भेटतात?

"आमचे घरधनी रोज परकोटात जाऊन राहिले," एक म्हणायची. "म्हणे काम हाय."

"चिलीम ओढाले जाते तुहा घरधनी. आमचा बी तिथंच बसते."

"माह्या माहेरी चल म्हनलं तं पाय दुखते याचे. चिलमीसाठी कोसभर जाते."

जमादार चिमटा आपटून म्हणत, "बाई, विस्तव घ्या. बोलणं घरी न्या."

माघ लागला. त्या वर्षीची थंडी वाईट होती आणि तिच्या जोडीला वारा. एका दुपारी नणंदेच्या पोटात कळ आली. सुईण येईपर्यंत निम्मं काम झालं होतं. मुलगी झाली. दोन तळहातांत मावेल एवढी, रडली तीही मांजराच्या पिलासारखी. सुईणीने तिला उचललं, पायाला हात लावून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं.

"सातव्यातली हाय," ती म्हणाली. "इले दूध मंग, ऊब पयले. रातदिवस शेगडी पायजे खोलीत. ऊब गेली का पोट्टी गेली, सांगून ठेवते."

"पेठेत विस्तवाला बंदी आहे, मावशी."

"मले ठाव हाय. तिले ठाव नाई ना."

मावळतीची चूल अजून पेटायची होती. तोवर मी पोरीला नणंदेच्या छातीशी धरून वर दोन गोधड्या टाकल्या. चूल पेटली तसे बाभळीचे निखारे काढले, शेगडीत भरले आणि खोलीत नेले. नियम मोडताना माझा हात कापला नाही. कापायला सवडच नव्हती.

रीत अशी की बाळंतिणीच्या खोलीत दहा दिवस कुणी पाऊल टाकायचं नाही. सुवेर असतं. जो आत जाईल त्याने आंघोळ केल्याशिवाय बाहेर कशाला शिवायचं नाही. माघात गार पाण्याने दिवसातून किती वेळा न्हाणार? मी खोलीतच राहिले. बाहेर मामंजी स्वतः भात शिजवू लागले, आणि त्यासाठी विस्तव आणायला स्वतः बायकांच्या रांगेत उभे राहू लागले. पहिल्या सकाळी सगळी रांग गप्प झाली होती, असं सुईणीने हसत सांगितलं.

एका माणसाच्या भाताला दोन निखारे पुरतात. मामंजी जमादारांकडून खापर भरून घेऊन येत. निम्मे चुलीत घालत, निम्मे खोलीच्या उंबऱ्याबाहेर ठेवत आणि मागे न बघता ओसरीवर जात. मी दार किलकिलं करून खापर आत ओढून घेई. या गोष्टीबद्दल आम्ही एक शब्द बोललो नाही. ते मात्र त्या दिवसांत पोथी फार मोठ्याने वाचत. खोलीत बाळंतिणीला ओव्याची, लसणाच्या सालींची धुरी घातली, ओवा तडतडला, की त्यांचा आवाज आणखी चढे. ओव्याचा वास पोथीने कसा झाकणार होता, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी दुपारी जमादार आले. दाराशी थांबून त्यांनी हाक दिली.

"बाई, अजवाइन जळल्याचा वास येतो."

"आत बाळंतीण आहे," मी आतूनच सांगितलं.

"कितवा दिवस?"

"तिसरा."

पोथी थांबली होती.

"मग अजून सात दिवस मला आत येता येत नाही," ते म्हणाले.

"कुणालाच येत नाही."

"बरोबर आहे. पण बाई, ठिणगीला सुवेर लागत नाही. एकदा मागच्या बाजूला जाऊन भिंत बघा."

ते गेले. मी गार पाण्याचे दोन तांबे अंगावर ओतले आणि परसातून मागे गेले. खोलीची मागची भिंत मैदानाकडे होती. काल तिथे वाट होती. आज तिथे सेठजींची नवी गंजी होती, भिंतीला टेकलेली, माझ्या डोक्याच्या वर. खोलीचा एकुलता एक झरोका तिच्या खांद्याशी आला होता. वाऱ्याने कापसाचे पुंजके सुटत आणि झरोक्याच्या काठावर अडकत. मी बघत होते तेवढ्यात एक आत गेला.

मी धावत खोलीत आले. नणंद डोळे मिटून पडली होती. पुंजका शेगडीपासून वीतभरावर होता. मी पोचायच्या आत तो सरकला, काठाला लागला आणि नाहीसा झाला. पेटला असंही म्हणता येणार नाही. होता आणि नव्हता. आवाज झाला नाही. अकोल्याच्या पत्रात लिहिलं होतं ते अगदी बरोबर होतं.

मी परसातली माती कालवून झरोका लिंपून टाकला. खोलीत अंधार झाला. थोड्या वेळाने नणंद म्हणाली, "वहिनी, डोकं फुटतंय." मी म्हटलं, सोसा थोडं. मग मी पोरीला उचललं तर तिची मान हातावरून ओघळली. तिला रडताही येईना. कोळशाचा धूर दिसत नाही पण तो असतो, हे मला माहीत असायला हवं होतं. दार उघडून मी तिला उंबऱ्याशी धरलं, नखांनी झरोक्याचा चिखल खरवडून काढला. बऱ्याच वेळाने पोरीने तोंड वाकडं केलं.

संध्याकाळपर्यंत मी शेगडीपाशी ओलं फडकं घेऊन बसले. आत आलेला प्रत्येक पुंजका फडक्याने टिपत होते. झरोका लिंपला तर पोर गुदमरणार. उघडा ठेवला तर माझ्या एका डुलकीने सगळी पेठ जाणार, माणसांसकट, बैलांसकट. शेगडी विझवली तर सुईणीने सांगितलेलं होणार. मी हिशेबी बाई आहे. तीनही बाजूंनी पाहिलं, कुठूनच उत्तर येईना. एक मात्र कळलं, की हे गुपित एकटीने सांभाळण्याजोगं राहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी उजाडताना मी न्हाले, पोरीला नणंदेच्या पोटाशी बांधलं, शेगडीवर लोखंडी घमेलं पालथं घातलं आणि ओल्या केसांनी चावडीवर गेले. मामंजी रांगेतून पुढे पोचले होते, जमादार त्यांच्या खापरात निखारे घालत होते. पाटील ओट्यावर घोंगडं लपेटून बसले होते. सेठजी मैदानात जाताना रोजच्यासारखे तिथे टेकले होते. सुईण अंगणाच्या कडेला उभी होती.

सासऱ्यादेखत चारचौघांत बोलणं सुनेला शोभत नाही. पण लेकी बोले सुने लागे, ही विद्या बायकांना आईच्या पोटातूनच येते. मी सुईणीकडे तोंड केलं आणि आवाज ओट्यापर्यंत जाईल असा लावला.

"मावशी, आमच्या तान्हीला ऊब किती वेळ लागते म्हणालात?"

सुईण हुशार होती. तिने ओट्याकडे एकदा पाहिलं आणि तीही मोठ्याने बोलली. "आता काहून इचारता? रातदिवस लागते."

"आणि शेगडी विझवली तर?"

"तं मले बोलावू नका मंग. ते काम माह्यं नाई, दुसऱ्याचं हाय."

"आणि शेगडीमागच्या भिंतीला कापसाची गंजी लागलेली असली तर?"

पाटलांनी घोंगडं खाली केलं. "कोनाच्या घरी शेगडी हाय?"

मी मामंजींकडे पाहिलं नाही. तेच बोलले. भरलेलं खापर त्यांच्या हातात होतं.

"माझ्या घरी. चार दिवस झाले. विस्तव मी नेतो."

"पंत, कलम तुमी लिवलं."

"होय."

"अन् तुमीच."

"होय."

सेठजी उठून उभे राहिले होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "पंतजी, आधी विझवा, मग बोलू. त्या भिंतीला माझी गंजी आहे. तिच्या पाठीला दुसरी, तिच्या पाठीला तिसरी."

"तुमी गंजी हलवा ना," रांगेतून एक बाई म्हणाली.

"हलवतो. आज हात लावला तर चार दिन लागतील. अन् ठेवू कुठं, तुमच्या डोक्यावर? मैदानात पाय ठेवायला जागा नाही."

"चार दिवसांत पोट्टी मरून जाईन, सेठजी," तीच बाई म्हणाली.

"अन् आग लागली तर चार पळांत आपण सगळे." ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मला लेकरं आहेत, बहू. मी काय राक्षस आहे?" ते राक्षस नव्हते. त्यांची भीती आणि माझी भीती एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होती, इतकंच.

तेव्हा सुईण पुढे आली.

"भांडता काहून? गावाचा इस्तो कुठं हाय? चावडीत. मंग लेकराले चावडीत न्या."

पाटील तिच्याकडे बघत राहिले. "चावडीत बाळंतीण? अन् पंच कुठं बसतीन?"

"समोरच्या लिंबाखाली बसा. दुपारचे तिथंच तं घोरता."

दोघीतिघी हसल्या. पाटील म्हणाले, "चावडीले सुवेर लागते. माह्या आज्यानं बांधली हे चावडी."

"तुमचा आजा बी कोनाच्या पोटातूनच आला ना, पाटील? माह्याच आजीनं काढला असन त्याले."

आता सगळ्यांनी मामंजींकडे पाहिलं. शास्त्रही त्यांचं आणि कलमंही त्यांची. मामंजींनी खापर ओट्यावर नीट ठेवलं, निखारा बाहेर पडणार नाही असं. मग कचेरीत बोलत असावेत तसे ते बोलले.

"कलम असं आहे, की विस्तव चावडीतच असावा. चावडीत कोणी राहावं आणि कोणी राहू नये, हे कलमात लिहिलेलं नाही."

पाटील उठले, ओट्यावरचं आपलं बसायचं जाजम स्वतः गुंडाळलं आणि काखेत मारून लिंबाकडे चालू लागले.

पोरीला शंभर पावलं न्यायचं होतं, तेही त्या वाऱ्यात. शेगडीत पाणी ओतलं तेव्हा सुसकारा आला. आता परत फिरता येणार नव्हतं. सेठजींच्या घरून सेठाणीने पिंजलेला कापूस पाठवला होता, टोपलं भरून, एक काडी नसलेला. सुईणीने त्यात पोरीला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं, फक्त नाक उघडं ठेवलं. नणंदेला दोघींनी धरलं. पोर मी घेतली. गंजींच्या मधल्या वाटेने चालताना मी ज्या कापसाला कालपासून भीत होते तोच माझ्या हातात होता, आणि त्याच्या आत काही हलतंय की नाही ते मला कळत नव्हतं. थांबून बघावं तर वारा लागणार. मी पावलं मोजत चालले. जमादार चिमटा हातात घेऊन पुढे चालत होते आणि गाडीवानांना बाजूला सारत होते.

चावडीत शिरल्यावर कापूस उलगडला. पोर निळसर होती. आगटीजवळ दगडी फरशी तापलेली होती. तिथे गोधडी टाकून सुईणीने तिला पालथी धरली आणि पाठ चोळत राहिली. किती वेळ ते सांगता येत नाही. मग ती मांजरासारखी रडली. नणंदही रडू लागली. मी दोघींना गप्प केलं, कारण बाहेर बायका अजून विस्तवासाठी उभ्या होत्या आणि घटका संपत आली होती.

सुवेराच्या जागेतला विस्तव घ्यायचा कसा, म्हणून बायका अडल्या. आगटी आम्ही बाहेरच्या खणात सरकवली आणि आतल्या खणात बाळंतिणीसाठी दुसरी पेटवली, तरी छप्पर एकच. शेवटी एक म्हातारी पुढे झाली. "इस्तवाले कसला इटाळ," असं म्हणून तिने खापर पुढे केलं. बाकीच्यांना तेवढंच हवं होतं. घरी पोरं उपाशी होती.

पंच लिंबाखाली बसू लागले. पंचांनाही शेकोटीची बंदी होती. त्यांचं खोकणं आम्हाला आत ऐकू येई. एकदा पाटील मोठ्याने म्हणाले, आतल्यांना ऐकू यावं असंच, "पोट्टी शेकून राहिली अन् पंच गारठून राहिले." नणंद चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

पाचव्या दिवशी पाचवी पुजली. सटवाईला बाळाच्या कपाळीचं लिहायला बोरू, दौत आणि कोरा कागद ठेवायचा असतो. घरून आणायला कोण जाणार? कोनाड्यात पंचांची दौत होती, बोरू होता, कागदांची चळत होती. मी त्यातलाच एक कोरा कागद घेतला. त्या दिवशी पोर दूध ओढत नव्हती. कापसाचा बोळा दुधात भिजवून मी तिच्या ओठांवर पिळत होते, निम्मं बाहेर येत होतं. त्यानंतरचे दोन दिवसही तसेच गेले. आठव्या दिवशी तिने माझं बोट तोंडात धरून ओढलं. मी सुईणीला सांगितलं. ती म्हणाली, "इतक्यात बोलू नका." आम्ही बोललो नाही.

दहाव्या दिवसापर्यंत सेठजींनी भिंतीलगतची गंजी हलवली होती. कुठे ठेवली ते मी विचारलं नाही. बाळंतीण घरी गेली. ती पोर आज अकोल्याला दोन मुलांची आई आहे आणि चैत्रातही पायांवर गोधडी घेते. मी मागे राहिले, कारण चावडी शेणाने सारवायची होती आणि पाटलांनी तीनदा विचारून झालं होतं, की ते कोण करणार. ओव्याचा आणि लसणाच्या सालींचा वास काही जाईना. पुढे कितीतरी दिवस पंच त्या वासातच बसले.

मी सारवून हात धूत होते तेव्हा मामंजी आत आले. कोनाड्यापाशी गेले. दौतीखाली पाचवीचा कागद तसाच होता, हळदीचं एक बोट लागलेला.

"कोराच आहे," ते म्हणाले.

"कोराच असतो," मी म्हटलं.

त्यांनी सुवेरातला तो कागद तसाच उचलला, शुद्धीसाठी पाणी शिंपडायलाही मागितलं नाही. ओट्यावर बसले आणि लिहू लागले. मग वाचून दाखवलं. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडीस मनाई नसावी. ज्या घरी बाळंतीण असेल त्या घराच्या भिंतीस कापूस लावू नये.

कागदावरून डोळे न उचलता ते म्हणाले, "सूनबाई, काही सुटलं का?"

"सुटलं," मी म्हटलं. "धुरी."

त्यांनी बोरू पुन्हा दौतीत बुडवला.